दोन चुलींचा चहा

कासारकाकांनी जांभई दिली आणि मी हातातलं काम टाकून वळले.

"काका, झोप येतेय का?"

"छे हो सिस्टर. आली आपली अशीच."

अशीच कुठली येते! डायलिसिसला बसलेला माणूस तिसऱ्या तासाला जांभया द्यायला लागला की प्रेशर खाली निघालं म्हणून समजायचं. दुसरी जांभई यायच्या आत मी त्यांच्या उजव्या दंडाला पट्टा आवळला. वरचं ऐंशी. कपाळावर घाम, ओठ पांढरेफटक, आणि हा माणूस मला विचारतोय, "तुमच्या हातात बांगड्या का न्हाईत हो? नर्सबायांना मनाई असती काय?"

"काका, गप्प पडा जरा."

खुर्ची मागं पाडली, पाय वर घेतले, मशीनचं पाणी ओढणं थांबवलं, सलाइन सोडलं, नाकाला ऑक्सिजन लावला. त्यांची बायको रत्नाबाई आपण होऊन पायाशी आली आणि पोटऱ्या चोळायला लागली, कारण आता गोळे येणार हे तिलाही पाठ झालं होतं. "आले का?" ती विचारायची. "आले," ते म्हणायचे आणि तोंड वाकडं करून ओरडायचे. मग उलटी. मग थोडा वेळ काहीच नाही, नुसती मशीनची घरघर. हळूहळू ओठांवर रंग यायचा, पट्ट्यात शंभर दिसायचं, आणि मी सुटले बाई म्हणून पुढच्या खुर्चीकडं पळायची.

हे आठवड्यातून तीनदा. सोमवार, बुधवार, शुक्रवार.

आता मी रिटायर झालेय. गुडघे गेले, पायांच्या शिरा सुजून बसल्यात, ती त्याच वर्षांची कमाई. आमच्या तालुक्याच्या गावात एका ट्रस्टचा दवाखाना होता. तिथं चार मशीनं आणि ती सांभाळायला मी नि एक टेक्निशियन. टेक्निशियन निम्मा वेळ रजेवर. किडनीचे मुल्ला डॉक्टर आठवड्यातून दोनदा शहरातून यायचे, बाकी सगळं फोनवर. सकाळची पाळी उतरली की दुपारची चढवायची, मध्ये डबा खायला मिळाला तर मिळाला. तक्रार करत नाही. म्हणजे करतेय, पण आता ऐकायला कोण बसलंय?

किडनी गेलेल्या माणसाला लघवी होत नाही. प्यालेलं सगळं अंगात साठतं. ते पाणी मशीन चार तासांत रक्तातनं ओढून काढतं. अंगाला झेपेल तेवढंच ओढलं तर ठीक, नाहीतर प्रेशर धाडकन खाली येतं. कधीतरी प्रत्येकाचंच येतं. पण कासारकाकांचं दरवेळी यायचं. प्रेशर पडलं की मला पाणी ओढणं थांबवावं लागायचं, वर सलाइन द्यावं लागायचं. म्हणजे काढायला बसवलेल्या माणसाला उलटं पाणी पाजून घरी पाठवायचं. मग पुढच्या वेळी तो आणखी फुगून येणार, आणखी ओढावं लागणार, आणखी पडणार. असं चक्र लागलं होतं.

आणि माणूस असा गोड, की चिडायचीही सोय नाही. अंबादास कासार. पेठेत बांगड्यांचं दुकान. त्याआधी गावोगाव पेटी घेऊन हिंडलेले. कासाराचं कसब काय असतं ठाऊक आहे का? बाईचा हात दाबून, बोटं एकत्र करून, तिच्या मापापेक्षा लहान बांगडी चढवायची आणि तिला दुखलेलं कळू द्यायचं नाही. त्यासाठी तोंड सतत चालू ठेवायचं. माहेर कुठलं, मुलं किती, सासू कशी आहे. काकांनी जन्मभर हेच केलं होतं. एका बाईला कधी दुखवलं नाही, असं पेठेतले लोक सांगायचे. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं होतं.

आम्ही काय केलं नाही? मशीनमधलं पाणी गार ठेवलं, त्यानं प्रेशर टिकतं. काका चार तास कुडकुडत पांघरुणात बसले आणि शेवटी पडलेच. डायलिसिस चालू असताना खाणं बंद केलं, रत्नाबाईंचा शिऱ्याचा डबा मी हातातनं काढून घेतला. पाणी काढून झाल्यावर उरायला हवं असं त्यांचं ठरवलेलं वजन मुल्ला डॉक्टरांनी वाढवून दिलं, म्हणजे कमी पाणी ओढावं लागेल. प्रेशर कमी करायची गोळी पूर्वी चालू होती, ती काकांच्या आणि रत्नाबाईंच्या देखत बंद केली. "आता ही अजिबात द्यायची नाही. दिलीत तर प्रेशर आणखी पडेल," असं डॉक्टरांनी तीनतीनदा सांगितलं. वर प्रेशर वाढवायची एक गोळी सुरू केली, ती सुई टोचायच्या आधी मी स्वतः द्यायची. तरी जांभई यायचीच.

मग माझा संशय पाण्यावर. सगळेच पेशंट चोरून पितात. तहान काही माणसाला सोडत नाही.

"रत्नाबाई, खरं सांगा, दिवसाला पाणी किती?"

"तुम्ही दिलेल्या मापाच्या भांड्यानं देती सिस्टर. रात्री माठाला झाकण घालून वर वरवंटा ठेवती."

"आणि चहा?"

"सकाळी एक कप. तो बी अर्धा."

"घरात आणखी कोण असतं? लाडानं कुणी देत नाही ना?"

"कोण असणार? लेक दिली लांब. आम्ही दोघंच."

मी काकांकडं बघितलं. काका छताकडं बघत होते.

एका बुधवारी रत्नाबाई खाली औषधाच्या दुकानात गेल्या होत्या. काकांचं नुकतंच पडून सावरलं होतं. मी त्यांच्या तोंडावरनं ओला रुमाल फिरवत होते.

"सिस्टर, आता बास करू या."

"झालंच की. अर्धा तास राहिला."

"त्ये न्हाई. सगळंच बास. शुक्रवारी येतो, रत्नाला कबूल केलंय म्हणून. सोमवारपासनं न्हाई यायचा."

मी रुमाल खाली ठेवला. "काका, न आल्यावर काय होतं माहीत आहे ना?"

"समोरच्या खुर्चीवरचे पवार गेले न्हवं का. आठ-दहा दिस लागले." एवढं ते बांगडीचा भाव सांगावा तसं म्हणाले. "सिस्टर, मरणाचं भ्या वाटत न्हाई. पण हे एकाआड एक दिवस मरायचं, पुन्यांदा उठायचं, पुन्यांदा पायात गोळे. माणसानं किती येळा मरायचं? कटाळा आला."

तुम्हाला सांगते, कंटाळा मलाही आला होता. पण मी संध्याकाळी चप्पल घालून घरी जाऊ शकत होते. "असं बोलू नये," एवढंच पुटपुटले आणि मशीन वाजलं म्हणून उठले. कुठलंही मशीन वाजलं नव्हतं.

शुक्रवारी रत्नाबाई डोळे सुजवूनच आल्या. काका वजनकाट्यावर उभे होते तेवढ्यात त्यांनी माझा हात धरून मला दाराआड ओढलं.

"सिस्टर, तुम्ही सांगा त्यांना. माझं काय बी ऐकंनात. लेकीला फोन लावला तर तिला बी तेच. आज शेवटचं म्हणत्यात."

"अहो, माझं कोण ऐकतंय?"

"तुमचं ऐकत्यात. तुम्हाला बघून लाजत्यात." ती बाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मी तिची पाठ थोपटली. दुसरं काय करणार?

सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं. सुरुवातीलाच प्रेशर एकशेदहा. म्हणजे पडायला जागाच कमी. मी गोळी दिली, खुर्ची आधीच थोडी कलती ठेवली आणि स्टूल ओढून जवळच बसले. आज जांभई येऊच द्यायची नाही असा चंग बांधला होता मी.

दोन तास बरे गेले. मग दार धाडकन उघडलं.

"कोण ती पाणी काढणारी बाई?"

दारात एक उंच, वाळकी म्हातारी. फिकं नऊवारी, कपाळ मोकळं, काखेला कापडी पिशवी. चालून चालून धाप लागलेली.

"आजी, चपला बाहेर काढा आधी," मी म्हटलं.

"काढल्यात. मला शिकवू नगंस. माझ्या धडधाकट भावाला मशीनला बांधून मारायला बसलाय तुम्ही हितं! पोटात घोटभर पाणी जाऊ देईना, हाय ते काढून घ्यायला लागलाय. उद्या मेला म्हंजे तुझ्या नावानं खडं फोडीन मी!"

मी रत्नाबाईंकडं बघितलं. रत्नाबाईंनी मान फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती. सकाळी रडत होती ती बाई, तिचा चेहरा एकदम दगडासारखा झाला.

"काका, या कोण?"

काका बारीक आवाजात म्हणाले, "आक्का. माझी थोरली भैन. वेणूआक्का."

"कुठनं आल्या?"

"घरातनंच."

"कुणाच्या?"

"आमच्याच. म्होरल्या सोप्यात असती. दाजी गेल्यापासनं हितंच हाय."

मला कळेना, मी चिडू का हसू. "रत्नाबाई, तुम्ही तर मला सांगितलंत घरात दोघंच!"

"दोघंच हाय आम्ही," रत्नाबाई खिडकीकडं बघतच म्हणाल्या. "त्यांचं त्या येगळ्या. त्यांची चूल येगळी."

"बाई, हिला म्हणावं," आक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, "चूल येगळी करायला मला हौस न्हवती."

"सिस्टर, त्यांना म्हणावं, दवाखान्यात तमाशा नगं."

"हिला म्हणावं, माझ्या भावापाशी यायला मला हिची परवानगी लागत न्हाई."

दोघींच्या मध्ये हातभर अंतर. आणि मध्ये मी, पोस्टमन. या दोघींचा काही वर्षांचा अबोला होता, एवढं माझ्या ध्यानात आलं. एका छपराखाली राहायचं, एका नळाचं पाणी भरायचं आणि एकमेकींशी शब्द बोलायचा नाही. अशी घरं मी बघितलीत. माझ्या आईच्या माहेरी होतं एक. पण ते मशीनच्या अंगावर उभं राहून चाललेलं पहिल्यांदाच बघत होते.

"दोघीही गप्प—" म्हणून मी वळले आणि काका दिसले. जांभई नाही, काही नाही. डोळे अर्धे वर गेलेले.

मग पुढचं नुसतं हातांनी केलं, डोकं मागनं आलं. खुर्ची पार आडवी, पाय वर, पाणी ओढणं बंद, सलाइन पूर्ण सोडलेलं. पट्टा लावला, सत्तर. पुन्हा लावला, लागेना. "काका! अहो काका!" गालावर चापट्या मारल्या. रत्नाबाई पोटऱ्या धरून "अवो, अवो" करत होत्या. आक्का डोक्याशी येऊन "अंबू, ए अंबू" म्हणत होत्या. त्यांचा आवाज एकदम पोरीसारखा झाला होता.

एका हातानं सलाइनची पिशवी दाबत मी मुल्ला डॉक्टरांना फोन लावला. करताय तेच करा, पिशवी संपली की दुसरी लावा, असं ते म्हणाले आणि मग त्यांनी विचारलं, "सिस्टर, प्रेशरची कुठली गोळी चालू नाही ना?"

"नाही सर. कधीच बंद केली." तरी मी वळून विचारलं, "रत्नाबाई, ती प्रेशरची गोळी बंदच आहे ना?"

"उरलेलं पाकीट तुम्हीच परत घेतलं की माझ्याकडनं."

"कुठली?" आक्का म्हणाल्या. "ती पांढरी बारकी?"

मी त्यांच्याकडं बघितलं.

"ती मी देती की," आक्का म्हणाल्या. "रोज सकाळी, चहाबरुबर. आजबी दिली."

फोनमध्ये डॉक्टर हॅलो हॅलो करत होते.

"असं काय बघतीस?" आक्का घाबरल्या. "पयल्यांदा त्येला सुजून ॲडमिट केला तवा ही लेकीच्या बाळंतपणाला गेल्ती. मीच हुती जवळ. थोरल्या डॉक्टरनं मला बजावून सांगितलं, आजी, ही गोळी एक दिवस चुकवायची न्हाई, चुकवली तर डोक्यात रक्त चढंल. मी एक दिवस चुकवली न्हाई. आजारी हुते तरी उठून दिली. संपली की दुकानातनं नवं पाकीट आणती. काय झालं? बाई, बोल की, काय झालं?"

आम्ही इथं वर चढवायची गोळी देत होतो. ही बाई त्याच सकाळी घरी खाली उतरवायची देऊन मोकळी. आणि मधल्या मधे तो माणूस.

रत्नाबाईंनी काकांचे पाय सोडले. सरळ आक्कांकडं तोंड केलं, आणि किती वर्षांनी कोण जाणे, पहिल्यांदा बोलल्या.

"आक्का, ती बंद केलीया डॉक्टरनी!"

"मग मला कुणी सांगितलं?"

"तुम्ही इचारलं का?"

"तू बोलतीस का माझ्याशी?"

"तुम्ही बोलता का?"

"मी भावाला जगवायला देत हुते गं!"

"आन् मी काय मारायला बसले हुते?"

"बाहेर!" मी ओरडले. इतक्या जोरात, की पलीकडच्या खुर्चीवरचे गुरुजी दचकून जागे झाले. "दोघी बाहेर व्हा! काय बोलायचंय ते व्हरांड्यात बोला!"

दोघी गेल्या. दार लावलं तरी आवाज आत येतच होता. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे माणूस बरा होता."

दुसरी पिशवी निम्मी गेल्यावर काकांनी डोळे उघडले. प्रेशर नव्वद. कान देऊन ऐकलं त्यांनी.

"भांडत्यात का?"

"भांडतायत."

"दोघी? एकमेकींशी?" आणि हसले हो! पांढऱ्या ओठांनी हसले. माझं डोकं फिरलं. तेवढ्यात माझ्या लक्षातही आलं.

"काका, गोळी बंद केली ती डॉक्टरांनी तुमच्या तोंडावर केली. तुम्हाला कळलं नव्हतं?"

हसू गेलं. काका छताकडं बघायला लागले.

"कळलं हुतं."

मी स्टुलावर बसले. "अहो, मग घेत का होता? मरत होता तुम्ही!"

"आक्का चहा ठेवती आन् हातावर गोळी ठेवती. नगं म्हटलं तर इचारणार, कुणी सांगितलं. मग रत्नाचं नाव निघणार. मग ती म्हणणार, आता मला औषधपाणी बी करू देईना व्हय ती? त्यापरीस घेतलेली बरी. बारकी तर गोळी."

"आणि चहा?"

"दोन्हीकडं. आत अर्धा कप. सोप्यात..." ते जरा थांबले. "सोप्यात पितळी भरून."

"धन्य आहे तुमची! मी इथं तुमच्या बायकोला माठावरनं बोलतेय, मशीनचं पाणी गार करतेय, डॉक्टर वजनं बदलतायत. तुम्हाला एक शब्द बोलता आला नाही? आक्का, नको. दोनच शब्द!"

"सिस्टर, तिला मला न्हाई म्हणता येत न्हाई. त्येला कारण हाय."

कारण विचारायला हवं होतं. पण दुपारच्या पाळीची माणसं बाकावर येऊन बसली होती आणि माझ्या अंगात त्राण नव्हतं. "गोळी थांबली की हे सगळं थांबेल," मी त्यांना सांगितलं. "गोळे नाहीत, उलटी नाही. सोमवारी या. माझ्यावर एकदा विश्वास ठेवा."

"बघू," म्हणाले.

बघू म्हणणारे पेशंट मी पुष्कळ बघितले होते. जायच्या आधी आक्कांच्या पिशवीतलं पाकीट मी काढून घेतलं आणि दोघींना समोर उभं करून एकच गोष्ट दोघींना एकाच वेळी सांगितली. रविवारी घरी निवडणटिपण करताना तीच खुर्ची डोळ्यांसमोर यायची. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. रोज घरी काय काय सांगणार?

सोमवारी वेळ टळली तरी काका आले नव्हते. मशीन धुऊन, नळ्या लावून तयार होतं. ती खुर्ची कुणाला देऊ, असं टेक्निशियननं विचारलं. त्याला म्हटलं, थांब जरा. पुन्हा विचारलं तेव्हा अंगावर धावून गेले बिचाऱ्याच्या.

मग जिन्यातनं आवाज आला. "सावकाश, पायरी हाय!" "दिसती मला. तू त्येचा हात धर." एका बाजूनं रत्नाबाई, दुसऱ्या बाजूनं आक्का, आणि मध्ये कासारकाका, पोलिसांनी धरून आणल्यासारखे.

वजन दरवेळेपेक्षा कमी वाढलं होतं. सुरुवातीचं प्रेशर एकशेचाळीस. मी दोनदा बघितलं. प्रेशर वाढवायची गोळी दिलीच नाही. सुया टोचल्या, मशीन सुरू केलं, आणि हात धुवायला बेसिनशी गेले तर आक्का मागं येऊन उभ्या.

"बाई, एक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"गोळी बंद केल्याली अंबूला ठाऊक हुतं का?"

नळ चालू होता. खोटं सांगणं अगदी सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर त्यांचा जीव शांत झाला असता, काका सुटले असते, मीही सुटले असते. पण या घरात एवढी वर्षं सगळेच असं मधल्या मधे निभावून नेत होते, आणि त्याचे गोळे शेवटी मी उतरवत होते. मला आता ते झेपत नव्हतं.

"त्यांनाच विचारा," मी नळ बंद केला. "दोन सुया टोचल्यात. चार तास कुठं पळून जात नाहीत."

आक्का गेल्या. खुर्चीच्या एका बाजूला बाकावर रत्नाबाई होत्या, दुसऱ्या बाजूला स्टुलावर आक्का बसल्या. मी शेजारच्या गुरुजींच्या नळ्या तपासायचं निमित्त करून तिथंच घुटमळले. ऐकायचंच होतं मला, खोटं कशाला सांगू?

"ठाऊक हुतं," काकांनी कबूल केलं.

"मग का घेतलीस?"

काका आधी हवापाण्यावर गेले. मग दुकानातल्या उंदरांवर. आक्का नुसत्या बघत राहिल्या. शेवटी काकांनी डोळे मिटले.

"लेकीच्या, विद्याच्या लग्नात चुडा भरायला मीच बसलो हुतो. घरचाच कासार. सगळ्या बायका हात पुढं करत हुत्या. आक्का, तू बी आलीस. विद्याला तूच न्हाऊ-माखू घातल्याली. दाजी गेलेले, तरी तू हात पुढं केलास. मी धरला बी. तवर मागनं कोणतरी म्हणालं, कासार, बघून भरा, शुभकार्य हाय."

"हिनं म्हटलं," आक्का म्हणाल्या. "समोर हीच उभी हुती. हिनंच डोळ्यानं खुणावलं तुला."

"म्या?" रत्नाबाई उठून उभ्याच राहिल्या. "म्या तवा हळदीच्या वाट्या मोजत हुते! मला कळलं बी न्हाई काय झालं ते!"

"ती न्हवती," काका म्हणाले. "कोण पाव्हणी हुती, तोंड बी बघितलं न्हाई मी. रत्नानं काय बी केलं न्हाई. हात मी सोडला. माझा मीच सोडला आन् पलीकडच्या बाईचा धरला."

मशीनचं चाक फिरत होतं. गुरुजींनीही पेपर खाली घेतला होता.

"दुसऱ्या दिशी तू चूल येगळी मांडलीस," काका म्हणाले. "तुला वाटलं, हिनं केलं. मी म्हणलं, चार दिवसांत निवळंल. मग सांगायचं राहिलं. मग सांगता येईना."

"म्हंजे हिचं काय बी न्हवतं," आक्का म्हणाल्या.

"न्हाई."

"आन् हे तू रोज माझ्याकडं चहा पीत हुतास, तवा तुला ठाऊक हुतं."

"व्हय."

रत्नाबाई हळूच खाली बसल्या. मला वाटलं आता नवऱ्याला काहीतरी बोलतील. पण त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "एवढी वर्सं मी भाकरी थापताना इचार करायची, आपण ह्या बाईचं काय वाकडं केलं असंल. रोज करायची. एक दिवस सुटला न्हाई."

आक्का उठल्या. खुर्चीला वळसा घालून पलीकडं गेल्या आणि रत्नाबाईंच्या शेजारी त्याच बाकावर टेकल्या. रत्नाबाईंनी सरकून जागा दिली. आक्कांनी पदरानं आधी तिचे डोळे पुसले, मग आपले. मग दोघींनी मिळून काकांकडं बघितलं. नुसतं बघितलं.

काकांनी माझ्याकडं मान वळवली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"सिस्टर, जरा बघता का हो? प्रेशर पडतंय वाटतं माझं."

मी पट्टा आवळला. एकशेतीस.

"काही पडलेलं नाही," मी म्हटलं. "साडेतीन तास आहेत अजून. ऐकून घ्या."